सुग्रीवतात्याच्या कुंपणातली घुंगरं

आमच्या गावात सुग्रीवतात्याबद्दल असं बोललं जातं, की त्यानं आपल्या मेलेल्या बैलाला शेळ्या कबूल केल्यात. बैल पाझर तलावाच्या कोपऱ्यात पुरलाय. पावसाळ्याच्या तोंडी तो घुंगरं वाजवून मागणी करतो. मग तात्या तलावाच्या पाळीवर लिंबाखाली बसून एखाद्या शेळीकडं टक लावून बघतो. झालं. शेळी नाकातून रक्त टाकून आडवी.

ही हकिकत वच्छलाकाकू सांगते, आणि 'टक लावून' म्हणताना स्वतःचे डोळे असे काही मोठे करते की ऐकणाऱ्याला आपणच शेळी असल्यासारखं वाटतं. मला तिची नक्कल येते. सरपंच विजयसिंहांचं वाक्याआधी खाकरणंही येतं. वडवणीच्या बसमधला कंडक्टर 'चला मागं सरका' हे एकाच श्वासात, एकाच शब्दासारखं कसं म्हणतो, तेही येतं. गाव मला नकल्या म्हणतं.

आता दुरुस्ती. शेळ्या मेल्या हे खरं. घुंगरं वाजतात हे खरं, आणि ती त्याच मेलेल्या बैलाची आहेत हे त्याहून खरं. तात्यानं मात्र कुणाला काही कबूल केलेलं नाही. तो शेळीकडं बघतच नव्हता. तो शेळीच्या पलीकडं, कोपऱ्यातल्या काट्यांच्या कुंपणाकडं बघत बसायचा, आणि दिवसभर तेच बघायचा.

तात्या किडकिडीत, उंच, आणि त्याचा आवाज विहिरीवरच्या कोरड्या रहाटासारखा. आधी "आं" अशी एक ओढ घेतो, मग "आइक" म्हणतो, आणि मग जे सांगायचं ते इतकं थोडं असतं की माणूस अजून ऐकत उभा असतो. त्याच्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा खळगा आहे, मधे पांढरा आणि कडेनं काळपट. पोरं म्हणतात तिथं बैलाच्या भुतानं अंगठा उमटवला. मी हा खळगा जवळून बघितलाय. अंगठ्याचा वाटतो, हे कबूल करायला हवं.

दोन हजार तेराच्या दुष्काळात मी कडेवरचा होतो, म्हणून पुढचं काही मला आठवत नाही. ते माझ्याकडं दोन आवाजांत आहे, तात्याच्या आणि वच्छलाकाकूच्या. दोघांचं जिथं जुळतं तेवढंच लिहितो.

तलाव आटला होता. तळात जे खुरटं गवत होतं ते ओढलं की मुळासकट, मातीसकट यायचं, आणि जनावरं तेच खात. मध्येच वळवाची एक सर येऊन गेली. त्यानंतर तात्याचा बैल हरण्या पाळीवरच्या लिंबाखाली उभ्याउभ्या थरथरला आणि पडला. सकाळी वैरण खाल्लेला बैल. नाकातून काळं रक्त येत होतं आणि मान फुगली होती.

तात्याच्या घरात एक रीत होती. बैल बदलायचे, घुंगरमाळ बदलायची नाही. आज्याच्या बैलाच्या गळ्यातली बापाच्या बैलाला, बापाच्या बैलाची हरण्याला. बैल गेला की माळ उतरवून ठेवायची, आणि पोळ्याला नव्या बैलाच्या गळ्यात घालायची. माळेसकट बैल पुरला तर त्या घरात पुन्हा बैल टिकत नाही, असं त्याची आई सांगायची. पण हरण्याची मान इतकी सुजली होती की चामड्याचा पट्टा आत रुतून बसला होता. तात्यानं मोहनरावाला हाक मारली. मोहनराव म्हणजे वच्छलाकाकूचा नवरा. दोघांची सावड होती, पेरणीला एकाचे बैल दुसऱ्याच्या रानात. मोहनरावानं मान उचलून धरली आणि तात्यानं विळ्यानं पट्टा कापला. विळा कातड्यात गेला.

"रगत थांबंचना," तात्या सांगतो. "गोठंचना बी. डांबरावानी काळं, अन् वाहतंच."

माळ निघाली. मग मोहनरावानं दोर खांद्यावर, मानेला घासत घेतला, आणि दोघांनी मिळून बैल तलावाच्या कोपऱ्यात ओढत नेऊन खोल पुरला.

पुढच्या दिवसांत तात्याच्या मनगटावर डास चावल्यासारखी पुळी आली. ती खाजायची, दुखायची नाही. मग मधोमध काळी पडली. "कोळसा ठिवल्यावानी. सुई टोचली तरी कळंना." मोहनरावाच्या मानेवर तसंच उठलं. तात्या भाच्याच्या कामासाठी बीडला गेला होता, तिथं सहज दवाखान्यात डोकावला, तर डॉक्टरनं मनगट बघितलं आणि आधी विचारलं, "घरी जनावर मेलंय का?" तात्याला वाटलं हा डॉक्टर नाही, देवऋषी आहे. त्याला तिथंच ठेवून घेतलं. मोहनरावाला इथं मानेवर डाग दिला. तापवलेल्या सळईचा डाग हा आमच्याकडं जुना इलाज. मान सुजून आतून गळा मिटत गेला. तात्या बरा होऊन बसमधून उतरला तेव्हा मोहनरावाचा दहावा झालेला होता.

वच्छलाकाकू तोवर त्याला भावजी म्हणायची. त्या दिवसापासून तो 'त्यो' झाला. "त्यो सोता वाचला, अन् माझं मानूस बैलाला दिलं."

बीडच्या डॉक्टरनं तात्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. माळ जाळायची, आणि पुरलेली जागा कुणाला खणू द्यायची नाही, कारण हे मातीत वर्षानुवर्षं राहतं. तात्यानं पट्टा जाळला. राखेत पितळी घुंगरं शिल्लक राहिली. कोपऱ्याभोवती त्यानं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि ती घुंगरं त्याला बांधली. शेळीनं तोंड घातलं की आवाज यावा, एवढाच त्याचा हेतू. आवाज येतो. वारा आला तरी येतो. तलावाच्या कोरड्या तळातून, जिथं एकही बैल नाही, बैल चालत यावा तशी ती वाजायला लागतात. आधी लांब, मग थांबून, मग जवळ. मला माणसांचे, जनावरांचे, मोटारींचे आवाज काढता येतात, पण तो आवाज मी आजवर काढून बघितलेला नाही.

या उन्हाळ्यात गाळ काढायचं ठरलं. तलावातला काळा गाळ शेतात टाकला की मुरमाड रानही पिकतं, म्हणून सगळे खूश. पण सगळ्यात चांगला गाळ नेमका त्या कोपऱ्यात. जेसीबी कुंपणाकडं वळला तेव्हा तात्या त्याच्या पुढच्या बकेटात जाऊन बसला. पाय बाहेर सोडून, बैलगाडीच्या मागच्या कडेवर बसतात तसा.

विजयसिंह आले. "हं-खॅक. तात्या, उतरा. शासनाचं काम हाय."

"आं. आइक. मला उचलून टाका त्या ट्रॅक्टरात. मंग माती घ्या."

"बैल पुरून जमाना झाला. हाडाचं खत झालं आसंल."

"हाडाचं झालं आसंल. त्याचं न्हाई झालं."

"कुनाचं?"

तात्यानं नुसतं मनगट वर केलं. त्याला त्या गोष्टीचं नाव घेता येत नाही. काळपुळी म्हणतात, जनावरात फाशी म्हणतात, इंग्रजी नाव ॲन्थ्रॅक्स, हे मला शाळेत कळलं. तात्या 'ते' म्हणतो.

मागून वच्छलाकाकू पुढं झाली. तिच्या मुरमाड पट्टीला हा गाळ हवा होता. ती तात्याशी बोलत नाही, म्हणून ती विजयसिंहांना म्हणाली, "इचारा त्येला. कुंपनात तर माजी एक बी शेळी जात न्हाई. मंग भाईरच्या भाईर काहून मरत्यात? गेल्या साली दोन गेल्या. कुंपन कशाला हाय मंग, आरास म्हनून?"

तात्या बकेटातून उतरला नाही, पण त्याची मान खाली गेली. इतकी वर्षं राखलेल्या जागेत काहीच नसेल तर तो नुसता एक खुळा म्हातारा ठरणार होता. आणि असेल, तर तो कोपरा सगळ्या गावच्या रानात पसरला जाणार होता.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरनं मध्ये पडून काम थांबवलं आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेला फोन केला. तिथून डॉक्टर प्रणिता आल्या. वडवणीत राजेश्वरअप्पांचं किराणा दुकान आहे, त्यांची ही पोरगी. गळ्यात ओळखपत्राची दोरी आणि तिच्याशेजारी लिंगाची चांदीची डबी. सुरुवात पुण्याच्या भाषेत करायच्या, दोन वाक्यांनी वडवणीत यायच्या, आणि दोन्हीकडं शेवटी "बरं का". नक्कल करायला इतकं सोपं माणूस मला क्वचित मिळालंय.

सगळे त्यांना कुंपणाकडं घेऊन निघाले. त्या पाळीवरच थांबल्या. तात्या आपल्या रोजच्या जागी, लिंबाच्या बुंध्याला पाठ टेकून बसला होता.

"तात्या, बैल पडला कुठं?"

"पुरला ना? त्यो बघा, कुंपनात."

"पुरला नाही. पडला कुठं? रक्त कुठं सांडलं?"

तात्यानं शेजारच्या मातीवर हात आपटला. "हितं."

डॉक्टरबाईंनी पिशवीतून हातमोजे काढले. मग म्हणाल्या, "जरा सरकता का?"

तात्या सरकला. हातमोजे, मास्क, गमबूट घालून त्यांनी त्याच्या बसायच्या जागेखालची माती डबीत घेतली. मग जिथून बैल ओढत नेला त्या वाटेवरची घेतली, आणि मग कुंपणातली, चांगली खोलवर. घुंगरं वाजली तेव्हा त्याही दचकल्या. मी हसलो नाही. मला तेव्हा हसायचं सुचलं नाही.

डब्या बंद करून, हात धुऊन त्या लांब दगडावर बसल्या. तात्यानं विचारलं, "आं. ते इतकी सालं खातं काय?"

"काहीच नाही. खात नाही, पीत नाही, वाढत नाही. मेलेलंच म्हणा हवं तर."

"मंग मेलेलं कसं मारतं?"

"ते बियाणं असतं, तात्या. जनावराच्या रक्तात असतं तोवर जंतू जिवंत, पण नाजूक. जनावर न कापता पुरलं तर आतल्या आत कुजून बरेचसे मरतात. पण रक्ताला वारा लागला, की प्रत्येक जंतू स्वतःभोवती टणक कवच करून घेतो. मग ऊन, दुष्काळ, पाणी, कशानं काही होत नाही. पडून राहतो."

"अन् उठतो कवा?"

"शेळी मातीजवळचं गवत खाते. तोंडात कुसळ टोचलेलं असतं. तिथून बी आत जातं. आता बघा, अंगात राखणदार पेशी असतात, त्यांचं काम परक्याला गिळायचं. त्यातली एक या बीला गिळते आणि इमानदारीनं उचलून नेते, आतल्या गाठीत, जिथं सगळे राखणदार जमतात तिथं. बी तिच्या पोटात उगवतं. तिलाच फोडून बाहेर येतं. आणि मग असा एक झगा पांघरतं, की बाकीच्या राखणदारांना ओळखूच येत नाही."

विजयसिंह खाकरायचे विसरले होते.

"मग विष सोडतं. तेही एकट्यानं नाही, तिघं मिळून. एक जण पेशीचं दार उघडून देतो, दोघं आत शिरून काम करतात. एकेकटा कुणी काही करू शकत नाही, बरं का. शेळी सकाळी चरते, दुपारी पडते, नाकातून रक्त जातं. रक्त मातीत, आणि मातीत पुन्हा बी. त्याला शेळीत राहायचंच नसतं. त्याला परत जायचं असतं."

वारा नव्हता. तरी सगळ्यांनी एकदा कुंपणाकडं बघितलं.

"अन् तुमी वळखता कसं?" हे वच्छलाकाकूनं विचारलं. ती चांगली लांब उभी होती, पण ऐकत होती.

"त्याच्याच हट्टानं. माती पाण्यात कालवून तापवते. साधे जंतू मरतात, हे बी मरत नाही. मग जे उरलं ते पेरते, एका चपट्या काचेच्या ताटलीत, खायला घालून. उगवलं की भिंगाखाली बघते, बांबूच्या कांड्या ओळीनं ठेवल्यासारखं दिसतं. पण तसे दिसणारे गरीब चुलतभाऊ पुष्कळ असतात. म्हणून त्याच्या विषाची खूण त्याच्यात आहे का, ते वेगळं तपासायचं. बंद काचेच्या पेटीत, हात मोज्यातून घालून."

"जागं करता म्हना की त्येला."

"करते. झोपलेल्याला विचारता येत नाही ना, काकू."

त्या गेल्या. मी तात्याजवळ बसलो. लिंबाखाली नाही, त्या 'सरकता का' नंतर मी तिथं टेकलो नाही. तात्या मात्र पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. सवय.

"काही सापडायचं न्हाई, तात्या," मी म्हणालो. "इतक्या पावसात वाहून गेलं आसंल."

"सापडंल."

"लावा पैज."

"कशाची बे?"

"न्हाई सापडलं तर ती घुंगरं मला द्यायची." मला ती कशाला हवी होती कोण जाणे. खरं तर ती वाजायची थांबावीत एवढंच हवं होतं.

तात्यानं बराच वेळ मनगट चोळलं. "आं. आइक. सापडलं तर तू पंचायतीच्या भोंग्यावरून बोलायचं. माझ्या आवाजात. मेल्या जनावराला सुरी लावू नगा, माळ काढू नगा, हात लावू नगा, डॉक्टर बोलवा. मी सांगतो तर कुनी आइकत न्हाई. तू माझी नक्कल केली की लोक उभं ऱ्हाऊन आइकत्यात."

तो हे रुसून म्हणाला नाही. हिशोब सांगावा तसं म्हणाला. मी हातावर हात मारला.

प्रयोगशाळेचा फोन आला तेव्हा सगळे पाळीवरच होतो. जेसीबीवाला रोज येऊन नुसता बसत होता, विजयसिंह रोज येऊन त्याच्याकडं बघत होते, आणि वच्छलाकाकूच्या शेळ्या पाण्यावरून येत होत्या. तात्या लिंबाखाली भाकरी सोडत होता. विजयसिंहांनी फोनचा स्पीकर लावला.

"कुंपणातल्या एकाही नमुन्यात काही उगवलं नाही, बरं का."

विजयसिंहांनी जेसीबीवाल्याला हात केला. वच्छलाकाकू "हं" म्हणाली, आणि त्या 'हं'मध्ये सगळी वर्षं होती. मी तात्यापुढं हात पसरला, घुंगरांसाठी. तात्यानं माझ्याकडं बघितलं नाही. भाकरीचा तुकडा तसाच हातात. मी त्याला इतका म्हातारा कधी बघितला नव्हता.

"ऐकताय ना? कुंपणात नाही. पण लिंबाखालच्या मातीत उगवलं. दोनदा करून बघितलं. खूणही जुळली. तेच आहे."

तात्या जिथं बसला होता तिथंच ते होतं. इतकी वर्षं तो त्याच्यावर बसून, त्याच्याकडं पाठ करून, भलतीकडं राखण करत होता. तिथंच भाकरी खात होता. आणि दुपारी सावलीला म्हणून वच्छलाकाकूच्या शेळ्या त्याच्याच भोवती येऊन बसत होत्या.

"काकू," फोनमधून आवाज आला, "तुमच्या शेळ्या दुपारी कुठं बसतात?"

काकू तात्याकडं बघत होती. तात्या उठायला बघत होता, पण टेकू घ्यायला काही नव्हतं. हात खाली टेकवावा तर त्याच मातीवर. तो अधांतरी हात धरून तसाच बसला होता.

"उठा," काकू म्हणाली. आवाज इतका बारीक की तो मला आजही काढता येत नाही. "भावजी, उठा तिथून."

ती सरळ लिंबाखाली शिरली आणि त्याच्या मनगटाला, त्या खळग्यावरच धरून त्याला ओढून उठवलं. त्याची टोपी आणि भाकरीचं फडकंही उचलणार होती, तेवढ्यात फोन ओरडायला लागला, "कशाला हात लावू नका, आधी साबणानं हात धुवा, शेळ्या हाकला," आणि विजयसिंह खाकरत, शेळ्या हाकलत पळत सुटले. सरपंच शेळ्यांमागं पळतानाचा आवाज आता माझ्याकडं आहे. मागणी असल्यास सादर करतो.

पुढं सरकारी माणसं पांढऱ्या कपड्यांत आली. लिंबाखालची माती औषधानं भिजवून बंद केली, गावातल्या जनावरांना लस दिली. तात्याला काही झालेलं नव्हतं. माणसाच्या धड कातडीतून ते सहसा आत जात नाही, त्याला जखम लागते, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. कुंपण काढू नका, असंही बजावलं. सापडलं नाही याचा अर्थ नाहीच असा होत नाही. म्हणून गाळ पलीकडच्या बाजूनं काढला आणि वच्छलाकाकूच्या पट्टीला तोच पडला. तात्यानं दुसरं कुंपण लिंबाभोवती घातलं. घुंगरं अर्धी इकडं, अर्धी तिकडं बांधली. आता ती दोन बाजूंनी वाजतात. एकीकडून वाजली की दुसरीकडून उत्तर येतं.

राहिली पैज. मी तात्याला म्हणालो, "तुमी म्हनलात कोपऱ्यात सापडंल. कोपऱ्यात न्हाई सापडलं. निम्मी पैज माझी."

"आं. आइक. मी सापडंल म्हनलो. कुठं, ते कुनी म्हनलं बे?"

वच्छलाकाकू बांधावरून म्हणाली, "भावजी बरुबर हायत. चल, भोंगा वाट बघतोय."

मी पंचायतीत गेलो, माईक तोंडाजवळ घेतला आणि "आं" केला. त्या एका ओढीवर चावडीसमोरची माणसं थांबली. खिडकीतून मला दिसत होतं, त्यांनी आधी भोंग्याकडं बघितलं आणि मग पारावर गप्प बसलेल्या तात्याकडं. एक जण त्याच्यापासून थोडा लांब सरकला. मी सगळं म्हणालो. सुरी लावू नगा, माळ काढू नगा, हात लावू नगा. तात्या माझ्याबरोबर नुसते ओठ हलवत होता.

बाहेर आलो. "फिटली पैज," मी म्हणालो.

"न्हाई फिटली. दर साली बोलायचं."

"दर साली असं ठरलं नव्हतं."

"एकदा असं बी ठरलं नव्हतं," तात्या म्हणाला, आणि उठून तलावाकडं गेला.